दाखला

'दाखला' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मुळाशी द-ख-ल हा धातू. अर्थ, आत शिरणे. दाखल आणि दखल त्याचेच सगेसोयरे. हिंदीत 'दाखिला' म्हणजे शाळाप्रवेश. मराठीत उदाहरण आणि प्रमाणपत्र हे अर्थ रुजले. वहीत नाव शिरले, की ती नोंदच पुरावा.

नावातच फारसी 'गुल' असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीला हा शब्द परका नाही. मराठवाड्यातला निजामी कारभार आधी फारसीत, १८८४पासून उर्दूत चाले. १९४८ साली निजामाची सत्ता गेली, दप्तरे राहिली. २०२३मध्ये मराठ्यांना कुणबी जातीचे दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची निकड भासली. खापरपणजोबांची नोंद सापडली, तरी वंशजांना ती वाचता येत नाही. मग भाषांतर, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. प्रत्येकासाठी वेगळी खेप, बुडालेली मजुरी. हा मला उघड अन्याय वाटतो. वह्या सरकारच्याच कपाटात असताना पुरावा आणायचे ओझे अर्जदारावर का? गावनिहाय नोंदी देवनागरीत उतरवून तहसील कार्यालयात सर्वांना पाहायला ठेवाव्यात, आणि आधी सर्वांत जीर्ण वह्या हाती घ्याव्यात.