पुढे १५, मागे २६ : शेव्हरोले कॉर्व्हेर आणि हवेच्या दाबाचा वाद

छोट्या मोटारीच्या टायरमध्ये हवा किती भरावी, हा प्रश्न पेट्रोल पंपावर दोन शब्दांत निकालात निघतो. १९६० च्या दशकातील अमेरिकेत मात्र याच प्रश्नाचा धागा न्यायालयांतून थेट सिनेटपर्यंत गेला. हा थ्रेड त्या दोन आकड्यांविषयी.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी रस्त्यांवर जर्मनीची फोक्सवॅगन बीटल दिसू लागली होती. लांबलचक, अवजड मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांना या चिमुकल्या पाहुणीची दखल घ्यावी लागली. फोर्डने फाल्कन आणली, क्रायस्लरने व्हॅलियंट. दोन्ही वळणाने जुन्याच, केवळ आकाराने लहान. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाचे प्रमुख एड कोल यांनी निराळी वाट धरली. ऑक्टोबर १९५९ मध्ये बाजारात आलेल्या कॉर्व्हेरचे सहा सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे इंजिन मागच्या बाजूस होते आणि ते पाण्याऐवजी हवेने थंड होई. ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने तिला १९६० ची सर्वोत्तम मोटार ठरवले.

इंजिन मागे गेले आणि त्याबरोबर गाडीचे साठ टक्क्यांहून अधिक वजनही मागच्या चाकांवर गेले. खरी अडचण येथे सुरू होते.

वळणावर रबराचा टायर किंचित मुरडतो. चाकाचे तोंड एका दिशेला असते, प्रत्यक्ष वाटचाल थोड्या निराळ्या दिशेने होते. या दोन दिशांमधील कोनाला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. चाकांवरचा भार वाढला की वळणावर हा कोन वाढतो. टायरमधील हवा कमी केली तरीही वाढतो. पुढच्या चाकांचा कोन मोठा असेल, तर गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते आणि चालक सहजप्रेरणेने स्टिअरिंग आणखी वळवतो. बहुधा तेवढ्याने भागते. मागच्या चाकांचा कोन मोठा असेल, तर गाडीचा मागचा भागच बाहेर फेकला जातो. ती सावरायला स्टिअरिंग उलट दिशेने फिरवावे लागते, आणि हे कसब सामान्य चालकाजवळ नसते.

त्यात कॉर्व्हेरला ‘स्विंग ॲक्सल’ होता. त्याची प्रत्येक बाजू आतल्या टोकाशी बिजागरीसारखी हलत असे. जोरदार वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला जाई, बाहेरचे चाक तिच्याखाली दुमडू पाही आणि रस्त्यावरची पकड एकाएकी सुटे.

यावर उपाय ठाऊक होते. पुढच्या बाजूला अँटी-रोल बार बसवता आला असता. पण प्रारंभीच्या कॉर्व्हेरमध्ये तो नव्हता. त्याऐवजी अभियंत्यांनी हवेचा आधार घेतला : टायर थंड असताना पुढे १५ पीएसआय, मागे २६. पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवायचे, म्हणजे त्यांचा कोन वाढेल आणि मागच्या भाराची भरपाई होईल. कागदावर हे गणित चोख होते, आणि त्याला खर्च शून्य होता!

आता एखाद्या गावातला पंप डोळ्यांसमोर आणावा. हवा भरणाऱ्याने आयुष्यभर चारही चाकांत सारखीच हवा भरलेली. १५ पीएसआयचे टायर पाहून त्याला चाक बसले आहे असेच वाटणार. तो भल्या मनाने पुढेही २६ करून देणार, मालक त्याचे आभार मानणार, आणि गाडीचा तोल सांभाळणारी एकमेव तजवीज तेथेच नाहीशी होणार. अचूक आकडा पुस्तिकेत छापलेला होता. पण पुस्तिका वाचतो कोण?

अपघातांचे दावे साचत गेले; १९६५ पर्यंत त्यांची संख्या शंभरावर पोहोचली. कंपनीनेही दरम्यान हालचाल केली. १९६४ च्या गाडीत पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवी पाटा-स्प्रिंग आली. १९६५ मध्ये स्विंग ॲक्सल काढूनच टाकला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या ३१ वर्षांच्या वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेरवर होते. नेडर यांचा रोख नेमका होता : रचनेतील उणीव झाकण्याची जबाबदारी कारखान्याने मालकाच्या हवामापकावर टाकली.

पुढचा प्रमाद कंपनीने स्वतःहून ओढवून घेतला. नेडर यांच्या खासगी आयुष्याचा माग काढण्यासाठी गुप्तहेर नेमले गेले. ही बातमी फुटली आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेट उपसमितीपुढे जाहीर क्षमा मागावी लागली. नेडर यांच्या खटल्यात १९७० मध्ये ४,२५,००० डॉलरवर तडजोड झाली. सप्टेंबर १९६६ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटार-सुरक्षेच्या राष्ट्रीय कायद्यावर स्वाक्षरी केली. मे १९६९ मध्ये कॉर्व्हेरचे उत्पादन थांबले. तोवर सुमारे १८ लाख गाड्या बनल्या होत्या.

गोष्ट येथे संपत नाही. १९७२ मध्ये सरकारी सुरक्षा यंत्रणेचा चाचणी-अहवाल आला. १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेरमध्ये ताबा सुटण्याचा वा उलटण्याचा धोका असाधारण नाही, समकालीन काही गाड्यांइतकीच ती स्थिर आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. कॉर्व्हेरप्रेमी आजही तो अहवाल पुढे करतात. त्यांचे म्हणणे अगदीच फोल नाही : बीटलचेही इंजिन मागे होते, तिलाही स्विंग ॲक्सल होता आणि तिच्याही पुस्तिकेत पुढे कमी, मागे जास्त हवा सांगितलेली असे. मात्र इतर गाड्याही तितक्याच नाजूक होत्या, यावरून पंपावरच्या त्या माणसाला १५ चा आकडा कळत होता असे सिद्ध होत नाही.

१९६६ च्या कायद्याखाली निघालेल्या नियमांनी १९६८ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींवर एक छोटी पट्टी बंधनकारक केली. टायर थंड असताना पुढे किती आणि मागे किती हवा भरायची, ते आकडे पुस्तिकेपुरते न राहता गाडीच्याच अंगावर आले.