कीबोर्डला स्मरणशक्ती आली तेव्हा

टंकलेखन यंत्र बिघडले की बिघाड डोळ्यांना दिसत असे. दोन दांडे एकमेकांत अडकलेले, फीत सुकलेली, एखाद्या अक्षराच्या पोटात शाई साचलेली. कळ ते कागद हा सारा रस्ता लोखंडाचा होता आणि तो बोटाने चाचपता येई. संगणकाच्या कीबोर्डने हा रस्ता झाकला. पुढे कळांची कामे बदलता येणारा, म्हणजे प्रोग्रॅमेबल कीबोर्ड आला, तेव्हा तर एकही भाग न मोडता यंत्र ‘बिघडू’ लागले.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या ८३ कळांच्या कीबोर्डमध्ये इंटेलची ८०४८ ही चिप होती. १ किलोबाइटचा कायमचा प्रोग्रॅम आणि ६४ बाइटची तात्पुरती स्मृती एवढाच तिचा संसार. कळांच्या उभ्या-आडव्या रांगा ती अखंड तपासत राही आणि कोणती कळ दबली, कोणती सुटली, ते आकड्यांत कळवी. ‘ए’ दाबली की ३०. सोडली की त्यात १२८ मिळवून १५८. गोम अशी की कीबोर्ड अक्षर पाठवतच नव्हता, तो कळेचा क्रमांक पाठवत होता. त्याचे अक्षर करणे हे संगणकाचे काम. म्हणून तर इंग्रजी छापलेल्या कळांवर इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिता येते. ‘जे’ दाबल्यावर ‘र’ उमटला तर आपण दुरुस्तीवाल्याला बोलावत नाही. भाषा बदलली आहे हे आपल्याला ठाऊक असते.

पण क्रमांकच बदलून आला तर?

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्थगेट या अमेरिकन कंपनीचे ऑम्निकी कीबोर्ड नावाजले गेले. कंट्रोल आणि कॅप्स लॉक यांची अदलाबदल करण्याची सोय त्यांत होती, आणि ती बारीक खटक्यांनी करायची. खटका वर की खाली, हे बघितले की कीबोर्डची अवस्था समजे. मला ही रचना अतिशय प्रामाणिक वाटते.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गेटवे २००० या कंपनीने आपल्या संगणकांबरोबर ‘एनीकी’ नावाचा कीबोर्ड द्यायला सुरुवात केली. गायीच्या अंगावरच्या ठिपक्यांसारख्या काळ्या-पांढऱ्या खोक्यांमुळे ही कंपनी ओळखली जाई. एनीकीवर ‘रीमॅप’, ‘प्रोग्रॅम मॅक्रो’, ‘सस्पेंड मॅक्रो’ अशा जादा कळा होत्या. रीमॅप दाबून एकामागून एक दोन कळा दाबल्या की एकीचे काम दुसरीकडे जाई. मॅक्रोने तर एका कळेवर अक्षरांची अख्खी माळ बसवता येई. हे सारे कीबोर्डच्या पोटातल्या, वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत साठे.

सोय उत्तमच, पण या कळा बाकीच्या कळांच्या शेजारीच बसवलेल्या. फडक्याने धूळ पुसतानाही त्या दबू शकत. नोंद चालू असताना दिवा लुकलुके. नोंद संपली की काही बदलले आहे याची खूणच उरत नसे. मग माणूस संगणक बंद करून पुन्हा चालू करी, तरी चुकीचे अक्षर तसेच. सगळे सॉफ्टवेअर नव्याने भरले तरी उपयोग शून्य. कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला जोडला तर रोग त्याच्याबरोबर तिकडे जाई. या शेवटच्या चाचणीवरून सरळ निष्कर्ष निघे: कीबोर्ड खराब, टाकून द्या. चाचणी बरोबर होती, पण निष्कर्ष चुकीचा. कंट्रोल, ऑल्ट आणि सस्पेंड मॅक्रो या तीन कळा एकत्र दाबल्या की सगळे मूळपदावर येई. ‘सस्पेंड’ या शब्दात ‘सगळे पुसून टाका’ असा अर्थ दडला असेल, हे कोणाला सुचावे?

दोष कुठे आहे हे खरे तर लक्षणच सांगते. एका दाबात अक्षर दोनदा उमटले, तर कळेखालचे संपर्काचे पाते थरथरते आहे. पाते काही हजारांश सेकंद थरथरतेच, आणि चिपने तेवढे थांबून मगच उत्तर द्यायचे असते. कळांची एक अख्खी रांग मुकी झाली, तर तार किंवा डाक तुटलेला. पण प्रत्येक वेळी न चुकता एकच भलते अक्षर येत असेल, तर धातूला दोष देण्यात अर्थ नाही. झिजलेला भाग इतका शिस्तीने चुकत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत हौशी मंडळी स्वतः कीबोर्ड बांधू लागली. त्यांतल्या पुष्कळ कीबोर्डमध्ये क्यूएमके हा खुला प्रोग्रॅम असतो. तो कोणीही वाचावा, बदलावा. पाते स्थिरावण्यासाठी तो किती थांबतो, हेही त्यात उघड लिहिलेले आहे: एरवी ५ मिलिसेकंद. एनीकीच्या काळात ज्याची कल्पनाही करवली नसती इतकी ही पारदर्शकता. तरीही ऑल्ट आणि विंडोज या कळांची अदलाबदल करणारी एक सोय त्यात आहे आणि ती पुन्हा वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीतच नोंदली जाते. चुकून ती लागली की मालक आपला प्रोग्रॅम ओळीन् ओळ तपासतो. त्यात चूक सापडत नाही, कारण चूक तिथे नसतेच. नवा प्रोग्रॅम भरला तरी जुनी नोंद आत तशीच राहू शकते.

ती पुसण्याचा एक उपाय अनेक कीबोर्डांत असतो: कीबोर्डची वायर काढायची, डाव्या हाताची सर्वांत वरची कळ दाबून धरायची आणि तशीच धरून वायर पुन्हा जोडायची. बहुधा ती एस्केपची कळ असते, आणि तिच्यावर याची कोणतीही खूण छापलेली नसते.