दुपारी ३ ते रात्री १०.२२

२०२४चा उन्हाळा, अमेरिका. ४७ वर्षांच्या एका धडधाकट गृहस्थाच्या घोट्यांना बारीक किडे चावतात. खाज येते, जाते. ती 'लोन स्टार' गोचिडीची पिल्ले असावीत, हे फार उशिरा कळणार आहे. या गोचिडीच्या लाळेत अल्फा-गॅल नावाची साखर असते. गाय, डुक्कर, मेंढी यांच्या मांसातही ती असते, माणसात नसते. शरीराने एकदा तिच्याशी वैर धरले, की जन्मभर पचलेले मांसही जिवावर उठू शकते.

रात्री १० : कुटुंबासह सहल, तंबूत मुक्काम. जेवणात बीफ स्टेक.

रात्री २ : पोटात भयंकर कळा, जुलाब, उलट्या. सकाळी सारे शांत. आपण आता मरणार असे वाटले, हे तो मुलाला सांगतो. पण डॉक्टरकडे जाऊन सांगायचे काय? अंगावर गांधी उठल्याशिवाय ॲलर्जीची शंका सहसा येतच नाही. अल्फा-गॅल मात्र कधी कधी फक्त पोटालाच धरते.

दोन आठवडे जातात.

दुपारी ३ : न्यू जर्सीत मित्रमंडळींचा बार्बेक्यू. तो एक हॅम्बर्गर खातो.

दुपारी ४, ५, ६ : काहीच होत नाही. घरी येऊन तो अंगणातले गवत कापतो. मला हेच तास सर्वांत क्रूर वाटतात. शेंगदाणा किंवा कोळंबी बाधली तर बहुधा काही मिनिटांतच कळते. अल्फा-गॅल चरबीबरोबर सावकाश रक्तात उतरते, असे तज्ज्ञ मानतात. त्रास सुरू होईपर्यंत दुपारचे खाणे कोणाच्या लक्षातही नसते. सिडनीच्या डॉ. शेरिल व्हॅन नुनेन यांनी गोचीड आणि मांसाची ॲलर्जी यांचा संबंध २००७ मध्येच मांडला होता. त्या घरापर्यंत ही माहिती पोचलेली नव्हती.

संध्याकाळी ७ नंतर : पुन्हा तोच त्रास.

साडेसातच्या सुमारास : मुलाला तो न्हाणीघरात बेशुद्ध सापडतो. रुग्णवाहिका येते, शर्थीचे प्रयत्न होतात.

रात्री १०.२२ : मृत्यू.

शवविच्छेदनात कारण सापडत नाही. पत्नीला ते पटत नाही. अखेर रक्ताचा नमुना व्हर्जिनिया विद्यापीठात डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्याकडे पोचतो. त्यात अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. तीव्र ॲलर्जीत वाढणारे ट्रिप्टेजही प्रचंड वाढलेले असते. मांसातल्या अल्फा-गॅलमुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू म्हणून २०२५ मध्ये प्रसिद्ध होतो.

प्रतिपिंडांची ती रक्ततपासणी त्या दोन आठवड्यांतही करता आली असती.