शिलेदार आणि बारगीर

यशवंतपूर येथील आमच्या बिऱ्हाडाच्या एका बाजूस राहणारे गृहस्थ एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात; दुसऱ्या बाजूचे गृहस्थ तेच काम घरी बसून, स्वतःच्या नावावर करतात. विद्या एकच, यंत्रही जवळजवळ सारखेच. मग भेद कोणता? आपल्यापैकी बहुतेक जण पगाराचा हिशेब मांडून याचे उत्तर देतात. आम्हांस ते अपुरे वाटते, आणि उत्तर शोधू जाता मराठ्यांच्या घोडदळाचे स्मरण होते.

त्या घोडदळात बारगिरास घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे, शिलेदाराचा पडला तर त्याच्या घरचे. शिवछत्रपतींनी पागेवर अधिक भर दिला आणि पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमला. शिलेदार शौर्यात उणा होता म्हणून नव्हे. पागेतील एक स्वार गेला तरी त्याच घोड्यावर दुसरा बसविता येतो, हे त्यामागील मर्म असावे.

आज्ञावलीच्या क्षेत्रात हा घोडा कोणता? यंत्र नव्हे, तर लिहिलेली आज्ञावलीच. पूर्वी ती बहुधा यंत्राबरोबरच मिळे. १९६९ मध्ये आय.बी.एम. कंपनीने तिची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले आणि ती स्वतंत्रपणे विकण्याजोगी वस्तू झाली. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने तिला साहित्यकृतीत स्थान मिळाले. याच कायद्याच्या सतराव्या कलमान्वये, वेगळा करार नसेल तर, नोकरीच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा पहिला स्वामी नोकरीवर ठेवणारा धनी असतो. म्हणजे कंपनीतील लेखक हा बारगीर. घरी बसून काम करणारा शिलेदार खरा. तथापि त्यानेही हक्क लेखी देऊन टाकला, की तेवढ्या कामापुरता त्याचा घोडा पागेत गेला.

बंगळूरने दोन्ही प्रकार पाहिले आहेत. १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी नोकरी सोडून इन्फोसिस स्थापिली आणि १९८३ मध्ये ती या नगरीत आणली. ते त्या वेळी शिलेदारच होते. आज त्यांच्या पागेत तीन लाखांहून अधिक स्वार आहेत. उलट, १९९८ मध्ये शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी 'बरह' ही कन्नड लेखनाची आज्ञावली एकट्याने सिद्ध केली. पुढे तिच्यातून देवनागरीही लिहिता येऊ लागली. जे काम मोठ्या पागांस तातडीचे वाटले नाही, ते एका शिलेदाराने केले.

म्हणून पागेस हीन लेखावे काय? आम्हां कारकुनांस तसे म्हणता येणार नाही. एकट्याची आज्ञावली त्याच्या प्रकृतीवर, उमेदीवर आणि संसारावर अवलंबून असते. तो थकला की ती वापरणारेही अडतात. आमची बदली झाली तरी फाइल थांबत नाही, हे संस्थेचे बळ आहे. तिची किंमत मात्र नावाने मोजावी लागते. आमच्या टिप्पणीचा हक्क त्याच सतराव्या कलमान्वये सरकारचा. तिच्यातील एखादे वाक्य उत्तम साधले, तरी ते आमचे म्हणून कोणी ओळखणार नाही.

आपली मुले मोठी झाली की यांतील एक वाट निवडतील आणि आपणांस सल्ला विचारतील. त्या वेळी पगाराच्या आधी दोन प्रश्न विचारावेत, असे आमचे नम्र मत आहे : घोडा कोणाचा? आणि तो पडला तर कोणाचा? पहिल्याचे उत्तर 'माझा' असे देऊ इच्छिणाऱ्याने दुसऱ्याचेही तेच उत्तर देण्याची तयारी ठेवावी. दिवसभर पागेत राबून रात्री स्वतःच्या तट्टावर दोन कोस फिरून येणारेही असतात. हा लेख त्या फेरीतला आहे.