पायातली कळ, कमरेतलं मूळ

आज आपण एका जुन्या दुखण्याची गोष्ट ऐकणार आहोत.

एका बचत गटाच्या बैठकीत एक ताई भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. आम्ही म्हटलं, "बसा की ताई." त्या म्हणाल्या, "बसलं की कळ येते. ढुंगणापासून पार पोटरीपर्यंत वीज चमकल्यासारखी." सहा महिने त्या गुडघ्याला आणि पोटरीला तेल चोळत होत्या. दुखतंय पायात, मग औषधही पायालाच! त्यात त्यांची काही चूक नव्हती. या दुखण्याचं मूळ कमरेत आहे हे कळायला मोठमोठ्या वैद्यांना आणि डॉक्टरांनाही शेकडो वर्षं लागली.

आपल्या आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. या दुखण्यात माणूस गिधाडासारखा लंगडत चालतो, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. चरकसंहितेत कळेची वाट अगदी नीट लिहिली आहे: कुल्ल्यापासून निघते आणि मांडी, गुडघा, पोटरी करत पावलापर्यंत जाते. सुश्रुतानेही खूण सांगितली की या दुखण्यात पाय उचलताना अडतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे. उपचार होते बस्ती, शीर तोडून रक्त काढणं आणि डाग देणं.

गावाकडे आपण काय करत आलो? बिब्बा घातला, डाग दिला. कमरेत उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ मारून घेतली. लाथेने बरं वाटल्याचं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याचं कारण पुढे कळेल.

असे उपचार फक्त आपल्याकडेच होते असं नाही. इटलीतल्या नेपल्स शहरात दोमेनिको कोतुन्यो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी 1764 साली या दुखण्यावर एक पुस्तक लिहिलं. खुब्याचा सांधा दुखणं वेगळं आणि शिरेचं दुखणं वेगळं, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. (इथे शीर म्हणजे रक्ताची नव्हे, मेंदूचे निरोप नेणारी नस.) पण उपचार म्हणून तेही कातडीवर फोड आणणारा लेपच लावत. आपला बिब्बा आणि त्यांचा लेप, दोन्ही एकाच जातीचे. रोग नसेत ओळखला, पण ती नस कुठे दबते हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर शंभरएक वर्षांनी एक साधी तपासणी सापडली. तिला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही. सर्बिया देशातले लाझा लाझारेविच हे डॉक्टर होते आणि कथालेखकही. त्यांनी 1880 साली लिहिलं की रोग्याला उताणं निजवून गुडघा न वाकवता पाय वर उचलला की नस ताणली जाते आणि कळ येते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने हीच तपासणी लिहिली आणि तिला नाव मिळालं त्याच्या गुरूंचं, लासेग यांचं. सुश्रुताने सांगितलेला अडणारा पाय तो हाच. आजही डॉक्टर आधी पाय उचलून बघतात. मग टाचांवर चालवतात, चवड्यांवर चालवतात. त्यावरून कुठली नस दबली आहे याचा अंदाज येतो.

मूळ हाती लागलं 1934 साली, अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये. आपले मणके एकावर एक रचलेले असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, बाहेरून चिवट, आतून मऊ. उशीची शिवण उसवली की कापूस बाहेर येतो, तशी ही गादी फाटली की आतला भाग बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला दाबतो. आधीचे डॉक्टर असा तुकडा काढला की गाठ म्हणून नोंद करत. ही गाठ नसून गादीच आहे, हे मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं. पुढे 1954 साली हॉलंडच्या फर्बीस्ट यांनी दुसरं कारण ठळकपणे मांडलं: उतारवयात मणक्यातली वाटच अरुंद होते. अशा बाईचे पाय चालताना भरून येतात आणि वाकलं किंवा बसलं की मोकळे होतात.

कारण सापडलं, तशी ऑपरेशनं वाढली. पण सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं का? नॉर्वेतल्या वेबर नावाच्या डॉक्टरांनी 126 रोग्यांवर अभ्यास करून 1983 साली निष्कर्ष छापला. पहिल्या वर्षी ऑपरेशन झालेले जास्त बरे होते. चार वर्षांनी मात्र दोन्हींकडचे रोगी जवळजवळ सारखेच होते. म्हणजे पुष्कळांचं दुखणं वेळ दिला की आपोआप ओसरतं. लाथेचं गुपितही यातच आहे, मैत्रिणींनो: दुखणं जाणारच होतं, नाव मात्र लाथेचं झालं. फाटलेल्या गादीवर लाथ बसली तर इजा वाढू शकते, म्हणून ते नकोच.

मग महिनाभर अंथरूण धरायचं का? तेही नाही. 1999 साली हॉलंडमध्ये दिसलं की दोन आठवडे पडून राहिलेले रोगी जपून हिंडणाऱ्यांपेक्षा जास्त बरे झाले नाहीत. दुखणं कमी करणारं औषध, थोडं थोडं चालणं, शिकवलेले व्यायाम आणि काही दिवस डोक्यावरचा हंडा उतरवणं, सुरुवातीचा उपचार एवढाच. हंडा उतरवायचा तर तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवा. हे औषध चिठ्ठीवर लिहून मिळत नाही, ते घरात मागावं लागतं.

एमआरआयच्या फोटोलाही घाबरू नका. 1994 साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे फोटो काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. फोटो आणि त्रास जुळला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. तो दबला तर थांबायला वेळ नसतो. लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा जातो, बसायची जागा आणि मांड्यांच्या आतली बाजू बधिर होते, दोन्ही पायांतली ताकद जाते. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. पाऊल लुळं पडून चप्पल नकळत निसटू लागली तरी दिवस घालवू नका.

लघवीचं कसं सांगायचं, म्हणून आपण गप्प बसतो. त्या ताईही गप्पच होत्या. नशिबाने त्यांना तो त्रास नव्हता. तपासणी झाली, औषध आणि व्यायाम सुरू झाले आणि तीन महिन्यांनी त्या बैठकीला येऊन मांडी घालून बसल्या.

दोन हजार वर्षांत वैद्य आणि डॉक्टर जे काही शिकले, ते रोग्यांनी कळ कुठून निघते, कुठे जाते हे सांगितलं म्हणूनच. तेव्हा तुम्हीही सांगा. आशाताईंना सांगा, डॉक्टरांना सांगा, सगळं सांगा.