कथालेखन (शालेय)

मुद्दे, शब्द, शीर्षक किंवा अर्धवट मजकूर यांच्या आधारे विद्यार्थ्याने लहानशी गोष्ट रचून लिहिण्याची भाषाविषयातील कृती. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मराठी अभ्यासक्रमात ती पत्र, सारांश, बातमी व जाहिरात यांच्यासोबत ‘उपयोजित लेखन’ या विभागात येते. ललित कथेशी तिचे नाते दूरचे आहे.

पूर्वपीठिका : भाषा शिकवण्यासाठी गोष्ट वापरण्याची रीत मराठीत छापखान्याइतकीच जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या मुद्रणालयात १८०६ साली छापलेली ‘बालबोधमुक्तावली’ इसापच्या गोष्टींची होती. बंगालमधील सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) व ‘हितोपदेश’ (१८१५) ही पुस्तके मोडी लिपीत निघाली. त्यांचे अपेक्षित विद्यार्थी मुले नसून फोर्ट विल्यम कॉलेजातले ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज अधिकारी होते, ही गोष्ट बालसाहित्याच्या इतिहासांत सहसा ठळक केली जात नाही. मुंबईत सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ (दोन्ही १८२८) खास शाळांसाठी तयार झाली. ‘बाळमित्र’चे मूळ फ्रेंच असून मराठी रूप इंग्रजीवरून उतरले आहे. ही बहुतेक पुस्तके भाषांतरित आणि बोधपर. गोष्टीच्या शेवटी बोध हवाच, ही शालेय अपेक्षा याच परंपरेतून आली असावी. विद्यार्थ्याने गोष्ट वाचण्याऐवजी स्वतः लिहायची, हा पालट मागाहूनचा आहे.

प्रकार : मुद्द्यांवरून, दिलेल्या शब्दांवरून, शीर्षकावरून, बोधावरून आणि अपूर्ण कथा पूर्ण करणे. पैकी मुद्द्यांवरून लेखन सर्वांत रुळलेले. त्यात प्रश्न साधारण असा असतो : दुष्काळ – गावची एकच विहीर – दोन भावांचे भांडण – रात्री दोर तुटणे – शीर्षक – तात्पर्य. या आडव्या रेघांच्या जागी काय भरायचे, हाच खरा अभ्यास. ‘तेवढ्यात’, ‘इकडे’, ‘म्हणून’, ‘तरीही’ असे जोड विद्यार्थ्याला शोधावे लागतात. भूतकाळ शेवटपर्यंत सांभाळावा लागतो, आणि दोर तुटला त्या वेळी विहिरीवर कोण होते, हे वाचणाऱ्याला कळेल असे सांगावे लागते. अपूर्ण कथेत आणखी एक अट येते : आधीच्या मजकुराचा निवेदक आणि बाज मोडता येत नाही. सुरुवात बोलीतल्या संवादाने झाली असेल, तर पुढचा भाग एकदम पुस्तकी भाषेत लिहिणे खटकते. शब्दांवरून लेखनात सर्व शब्द यावे लागतात. त्यामुळे एखादा शब्द ओढूनताणून बसवलेला दिसतो. बोधावरून लेखनाचे नमुने बहुधा म्हणींवर बेतलेले असतात.

घटक : कथाबीज, घटनांचा क्रम, पात्रे, स्थळ-काळ, संवाद, शेवट व शीर्षक. कथाबीज, म्हणजे जिच्यातून कथा वाढते ती मूळ कल्पना किंवा घटना, हा शब्द वर्गात सर्रास वापरला जातो. बहुतेक मुलांना त्याचा अर्थ ‘विषय’ असाच वाटतो.

तोंडी कथन : गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणात गोष्ट सांगण्याला मोठे स्थान होते, पण माध्यमिक वर्गांत ते अंतर्गत मूल्यमापनातील श्रवण-भाषणापुरते उरते.

मूल्यमापन : २०१८ च्या दहावीच्या पाठ्यपुस्तकापासून प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली. तीत कथालेखन हा जाहिरात व बातमी यांना पर्याय असून त्याला ५ गुण आहेत. उत्तर शंभरापेक्षा कमी शब्दांत बसवायचे असल्याने घटना वाढवायला वाव कमी. मार्गदर्शकांतील नमुना उत्तरे एकाच साच्याची दिसतात ती काही अंशी यामुळे.

मतभेद : तात्पर्य लिहिणे आवश्यक मानावे की नाही, याविषयी शिक्षकांत एकमत नाही. मुद्दे दिल्याने कल्पकतेला आळा बसतो, हा आक्षेप जुना आहे. उलट, ज्यांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी आहे अशा मुलांना मुद्द्यांमुळे निदान घटनाक्रमाची चिंता उरत नाही आणि सगळे लक्ष वाक्यांवर देता येते, हे प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य धरले आहे. बोलीतील संवादांना गुण कापावेत का, याबाबत परीक्षकागणिक फरक पडतो.