अळंबी ओळखीची, पण विषारी

परवा व्हिडिओ गेम खेळताना माझा भाचा चिडला. ‘मामू, अळंबी घेतली आणि मेलो! विषच होतं, तर वाटेत ठेवलं कशाला?’ मी पडलो कवितेतला माणूस. पण त्याचा प्रश्न मनातून जाईना, म्हणून या खेळांचा थोडा इतिहास चाळला.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. हा आपला मराठी रोग नव्हे. इंग्रजीत त्याचा अर्थ बदमाश. भुयारात रंगीत औषधं सापडतात. या डावात निळं औषध जखम भरून काढेल, तर पुढच्या डावात तेच अंगातली ताकद हिरावून घेईल. रंग दर डावाला बदलतात. कळायचं तर बहुधा पिऊनच पाहायचं! शापित चिलखत एकदा चढवलं की उतरत नाही. पण इथे फसवणूक नाही; आपल्याला ठाऊक नाही, हे आधीच ठाऊक असतं.

जपानच्या निन्टेंडोने वेगळीच गंमत केली. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये अळंबी घेतली की बुटका मारिओ मोठा होई. मुलांच्या बोटांना सवयच लागली: दिसली की घ्यायची. १९८६ मध्ये जपानात दुसरा भाग आला. त्याच्या पहिल्याच टप्प्यात ठोकळ्यातून तशीच अळंबी निघते, तशीच सरकत येते. फरक फक्त रंगाचा. तिला शिवताच मोठा मारिओ बुटका होतो, बुटका मरतो. पहिल्या खेळात तरबेज झालेल्यांच्या सवयीवरच हा घाव होता. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या मंडळींना तो भाग फार अवघड वाटला. तिथे १९८८ मध्ये त्याच नावाने वेगळाच खेळ दिला गेला. मूळ भाग पोचला १९९३ मध्ये.

मग हा दगा म्हणायचा का? श्रोतेहो, मला तसं वाटत नाही. रंगाची खूण ठेवली होती. पाहणाऱ्याने पाहिलं नाही. आमच्या कोकणात पावसाळ्यात रानातली अळंबी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चुलीवर चढत नाही. काल वेचली ती चांगली होती, म्हणून आजचीही चांगली, असं कुणी धरून चालत नाही.

भाच्याला एवढंच म्हणालो, ‘बेटा, पुन्हा खेळ. या वेळी घेण्याआधी बघ.’ खेळात पुन्हा डाव मांडता येतो. रानात येत नाही.